हडळीला आडनाव नसतं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाऊस लागला, मग नातवाची परीक्षा आली. पण एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, तो आज उतरवूनच टाकते. विषय ऐकून पुण्याच्या वन्सं हसणार हे मला माहीत आहे. हसा हो वन्सं, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आहे भुताच्या सिनेमांचे ट्रेलर!

सिनेमे नव्हेत, ट्रेलरच. कारण सिनेमाला तिकीट लागतं, तीन तास लागतात, आणि आमच्यासारख्यांना गुडघे लागतात. ट्रेलर मात्र न बोलावता घरात येतो. आपण यूट्यूबवर अभंग लावावा, दोन अभंगांच्या मध्ये एक बाई केस मोकळे सोडून किंचाळते. आमच्या दिघ्यात असे कितीतरी लोक आहेत ज्यांनी दहा वर्षांत थिएटरात पाऊल टाकलेलं नाही, पण प्रत्येक भुताच्या सिनेमाचा ट्रेलर मात्र पाठ आहे. त्यांच्यापुरता तो अडीच मिनिटांचा तुकडा हाच सिनेमा. म्हणून दिग्दर्शक मुलाखतीत काय म्हणाला, शेवटी संदेश काय निघाला, या गोष्टी माझ्या दृष्टीने दुय्यम आहेत. संदेश दोन तासांनी येतो. भीती पहिल्या अर्ध्या मिनिटात विकली जाते, आणि ती कोणाच्या चेहऱ्याने विकली जाते यावर माझं भांडण आहे.

पाककृती आता मला पाठ झाली आहे. शहरातलं एक गोरंगोमटं जोडपं घ्यावं. त्यातली बायको शक्यतो गरोदर असावी. त्यांना चांगल्या गाडीत बसवून घाटरस्त्याने एखाद्या गावात न्यावं. गावात एक म्हातारी असतेच, ती काही बोलत नाही, नुसती बघते. एक गडी असतो, तो कंदील घेऊन उभा. मग रात्र. बायकोला काहीतरी दिसतं, नवऱ्याला दिसत नाही. नवरा म्हणतो, तुला भास होतोय. (हे वाक्य भुताशिवायच्या संसारातही बायका बरंच ऐकतात, ते सोडा.) मग पाळणा हलतो, कुंकू सांडतं, हिरवं लुगडं विहिरीकडे जातं, आणि एकदम मोठ्ठा आवाज. शेवटी काळ्या पडद्यावर तारीख. मीठ चवीनुसार.

आता तुम्ही म्हणाल, बाई, सगळ्या भुतांच्या गोष्टी अशाच असतात. नाही हो, तसं नाही. पुरुषांची भुतं आपल्या पडद्यावर भरपूर आहेत, पण त्यांची तऱ्हाच वेगळी. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' १९९३ चा. त्यातला तात्या विंचू हा खुनी गुंड, मरताना बाहुल्यात शिरतो. आज तीस वर्षांनंतरही पोरं त्याची नक्कल करतात, त्याच्यावर जीव आहे लोकांचा. २००४ च्या 'पछाडलेला'मध्ये दिलीप प्रभावळकरांनी केलेले इनामदार भुसनाळे. इनामदार! म्हणजे मेल्यावरही हुद्दा शाबूत. विंचू काय, भुसनाळे काय, यांना नाव आहे, आडनाव आहे, खोड्या आहेत, बोलायची ढब आहे. आणि बाई? २०१८ साली आलेल्या अख्ख्या सिनेमाचं नावच 'स्त्री'. तिचं नाव गावात कोणाला ठाऊक नाही. त्यात जी जिवंत नायिका आहे तिचंही नाव शेवटपर्यंत कळत नाही आणि ती एक गंमत म्हणून चालवली आहे. पंचवीस-तीस वर्षं हजेरी घेतलेली मी बाई. वर्गात एकाही मुलीला 'ए मुली' म्हणून हाक मारली नाही, आणि इथे शंभर कोटींच्या सिनेमात बाईला नाव द्यायला कोणाला सुचू नये?

'स्त्री'शेजारी 'मुंज्या' ठेवून बघा. तो ७ जून २०२४ ला आला, आदित्य सरपोतदारांचा, म्हणजे नानासाहेब सरपोतदारांच्या घराण्यातले, आपलेच. गोष्ट अशी की १९५२ साली कोकणातला एक मुंज झालेला पोरगा आपल्याहून मोठ्या मुन्नीवर भाळतो. तिचं लग्न दुसरीकडे ठरतं म्हणून तो जादूटोणा करायला जातो, सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्यात स्वतःच मरतो. मग अनेक वर्षांनी, त्याच घराण्यातल्या एका मुलाच्या मानगुटीवर बसून, लग्न लग्न करत फिरतो. ट्रेलरमध्ये हे सगळं खट्याळ आहे. भूत लहान, डोळे मोठे, हसणं मजेदार, आजूबाजूची पोरं दचकतात आणि हसतात.

मी विचारते, यात हसण्यासारखं काय आहे? नकार ऐकून न घेणारा मुलगा, बहिणीच्या गळ्यावर सुरी धरणारा भाऊ, पिढ्या उलटल्या तरी पाठ न सोडणारा. आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर असे मुंजे रोज उभे असायचे, ते काही पिंपळावर राहत नव्हते. 'स्त्री'मधल्या बाईलाही लग्नच हवं होतं. तिला आणि तिच्या माणसाला गावाने मारलं. तीही अपुरी इच्छा घेऊन मेली, तोही. पण त्याची इच्छा म्हणजे हट्ट, आणि हिची इच्छा म्हणजे दहशत. 'स्त्री' विनोदी सिनेमा आहे हे मला ठाऊक आहे, पण विनोद तिथे पुरुषांच्या वाट्याला आहे. तिने फक्त उलटं चालायचं आणि ओरडायचं.

आता थोडं मास्तरकीचं. (सवय जात नाही.) कोकणातल्या भुतांची जी जुनी नोंद आपल्याकडे आहे, ती शाळामास्तरांनी केलेली आहे, हे किती जणांना माहीत आहे? ए. एम. टी. जॅक्सन, ज्यांना २१ डिसेंबर १९०९ ला नाशकात अनंत कान्हेऱ्यांनी गोळी घातली, त्या जॅक्सनांनी गुजरात आणि कोकणातल्या खेड्यापाड्यांच्या शिक्षकांकडे प्रश्नावली पाठवून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. त्यांच्या मागे एन्थोवेन यांनी त्या नीट लावल्या आणि कोकणाचा भाग १९१५ साली छापला गेला. त्या यादीतली भुतं बघितली की गंमत वाटत नाही, तिथे जातीजातीची अख्खी वसाहत आहे. मुंज्या ब्राह्मणाच्या मुलाचा, ब्रह्मग्रह विद्येचा गर्व असलेल्या ब्राह्मणाचा, देवचार शूद्राचा, झोटिंग कोळ्या-खारव्यांचा. जिवंतपणी जो वाडा ठरलेला, मेल्यावरही तोच!

आणि बायकांची भुतं? जखीण, लावसट, हडळ. जखीण म्हणजे नवरा असताना मेलेली. लावसट म्हणजे विधवा मेलेली. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा विटाळात मेलेली. बघितलंत? पुरुषाचं भूत जातीने, शिक्षणाने, हावेने ओळखायचं आणि बाईचं भूत नवरा आणि विटाळ यांनी. शिवाय वेताळाला देऊळ, म्हसोबाला वर्षाचा नारळ. हडळीला मात्र फक्त लिंबू, बिब्बा आणि झाडू.

माझी आजी सांगायची, गावात पहिलटकरीण गेली की दाराशी खिळे ठोकत. तेव्हा लहान होतो, नुसतं भ्यायचो. आता वाटतं, त्या बाईला वेळेवर दवाखाना मिळाला असता तर हडळ झालीच नसती. २०१८ ते २०२० च्या पाहणीत महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या, देशात ९७. म्हणजे हडळी कमी होण्याचं खरं कारण सुईण-नर्स आणि आशाताई आहेत, मांत्रिक नव्हे. पण ट्रेलरवाल्यांचा हिरव्या लुगड्यांचा साठा काही संपत नाही. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४ चा, त्यात घराण्याला शापच असा की मुली बाळंतपणात मरतील. चाळीस वर्षं झाली, गरोदर बाईला घाबरवणं अजून चालूच. विशाल फुरियांचा 'लपाछपी' (२०१७) घ्या, त्याचाच हिंदी 'छोरी' (२०२१) घ्या, सरपोतदारांचा 'झोंबिवली' (२०२२) घ्या, तिन्हींत बायको गरोदर.

'लपाछपी'बद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तो चांगला सिनेमा आहे. पूजा सावंत छान, आणि उषा नाईक तर अशा की त्यांची तुळसाबाई झोपेतही आठवावी. विषय मुलींच्या हत्येचा. कर्जवाल्यांपासून पळालेलं शहरी जोडपं ड्रायव्हरच्या घरी, उसाच्या फडातल्या वाड्यावजा घरात लपायला जातं. मग काय काय होतं ते सांगत नाही. पण ट्रेलरपुरतं बघा, भीती कोणाची वाटते? ड्रायव्हरच्या घराची. ड्रायव्हरच्या बायकोची. तिच्या लुगड्याची, कुंकवाची, तिच्या बोलीची. शहरातून गाडीने आलेली बाई म्हणजे आपण, आणि तिला जेवायला वाढणारी बाई म्हणजे धोका.

आणि खरं काय आहे? २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, सांगलीत ८५१. हे जिल्हे काही गरिबीने गांजलेले नव्हेत, साखरेचे आहेत. तिथे ऊस आहे, कारखाना आहे, आणि गावात सोनोग्राफीचं मशीन परवडेल असा डॉक्टर आहे. म्हणजे उसाचा फड निवडला हे दिग्दर्शकाचं बरोबरच आहे. पण मुलगी मारणारा हात टाइल्स लावलेल्या, एसी चालू असलेल्या खोलीत होता, पदवी भिंतीवर टांगलेली होती. त्या खोलीचा ट्रेलर कोणी काढला आहे का? पांढऱ्या कोटातला सभ्य माणूस, शांत आवाज, जेलीची नळी, आणि पडद्यावर करडं चित्र. मला तर नुसतं लिहितानाही अंगावर काटा आला.

उसाचं निघालं म्हणून सांगते. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. तोडणीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून पाळीची कटकटच नको, असा तो हिशोब. उसाच्या फडातली भीती ही अशी आहे. तिथे मोकळ्या केसांची बाई दिसत नाही, मोळी डोक्यावर घेतलेली बाई दिसते.

घरकाम करणाऱ्या बाईचं तर विचारूच नका. राम गोपाल वर्मांचा 'भूत' २००३ चा. त्यात उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये कामाला येणारी बाई सीमा बिस्वासने केली आहे. 'बँडिट क्वीन' (१९९४) करणारी नटी! तिला काम काय, तर दारात उभं राहून टक लावून बघायचं, म्हणजे आपण दचकायचं. आमच्या दिघ्याच्या विष्णुनगर, गणपतीपाडा, ईश्वरनगर भागातून रोज सकाळी कितीतरी बायका ऐरोलीच्या टॉवरांत कामाला जातात. मी त्यांच्यातल्या काहींना शिकवलं आहे. त्या टक लावून बघतात ते केर कुठे राहिला आहे ते. एकीने मला सांगितलं, तिच्या मालकिणीची लहान मुलगी भुताचा ट्रेलर बघून हिच्याकडे बघेना झाली, चार दिवस हातचं दूध पिईना. ही हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

'झोंबिवली' तर आमच्या शेजारचा, डोंगरापलीकडचा. एकीकडे नवा टॉवर, दुसरीकडे पाण्यासाठी भांडणारी जनता नगरची झोपडपट्टी. सिनेमाचा कल झोपडपट्टीच्या बाजूचा आहे, पाणी कोण पळवतं हे तो स्पष्ट बोलतो, त्याबद्दल शंभरातले सत्तर गुण. पण ट्रेलरमधून डोक्यात राहतं काय, तर फाटक्या कपड्यातली गर्दी चांगल्या सोसायटीच्या गेटवर चालून येते ते. टॉवरवाल्यांना ही भीती शिकवायला सिनेमा कशाला हवा? त्यांच्या गेटवर आधीच दोन वॉचमन आहेत, आणि ते दोघेही आमच्याकडेच राहतात.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. भुताटकी होते ती घरात, आणि घरही कसलं, तर दहा खोल्यांचा वाडा, नाहीतर विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट. आमच्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपतात, भूत उभं कुठे राहणार? पण म्हणून इथे कोणी घाबरत नाही असं नाही. २०१५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून दिघ्यातल्या ९९ अनधिकृत इमारतींवर कारवाई सुरू झाली. घेणाऱ्यांनी दागिने मोडून, गावची जमीन विकून घरं घेतली होती. विकणारे केव्हाच पसार. त्या महिन्यांत रात्री जिन्यावर पावलं वाजली तरी बायका उठून बसायच्या, आणि ती पावलं सरळच असायची. (भुताटकीची जागा म्हणाल तर आमचं दिघा गाव स्टेशन. बांधून तयार, दिवेसुद्धा लागलेले, आणि एकही गाडी थांबत नव्हती. १२ जानेवारी २०२४ ला एकदाचं उघडलं आणि भूत उतरलं.)

माझा एक भाचा आहे, तोही ब्लॉग लिहितो, सिनेमावर लिहितो. तो म्हणतो, मावशी, हे सगळं धंद्याचं गणित आहे, लोक ज्याला घाबरतात तेच विकतात. आणि हल्ली भुतं बायकांच्या बाजूची असतात, सूड घेणारी, हा उलट त्यांचा मान आहे. पहिल्या मुद्द्यावर मी म्हणते, लोक कशाला घाबरतात हे आईच्या पोटातून येत नाही, शिकवलं जातं. शिकवणं हा माझा धंदा होता, मला सांगू नये. दुसऱ्या मुद्द्यावर म्हणते, बाईला न्याय मिळायला आधी मरावं लागतं, हा कसला मान? जिवंतपणी तक्रार केली तर नवऱ्याने 'भास' म्हणायचं, आणि मेल्यावर पंजे बाहेर काढले की टाळ्या.

आणि वेगळं काही करता येत नाही असंही नाही. राही अनिल बर्वेंचा 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ ला आला तेव्हा फार चालला नाही. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. त्यात भीती आहे ती सोन्याच्या मोहरांची, वाड्याच्या हावेची, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या लोभाची. १९१८ पासून १९४७ पर्यंत देश बदलतो, हाव बदलत नाही. तिथेही घरातल्या म्हातारीलाच राक्षसीण केलं आहे, तेवढं मला खुपतं. पण निदान गड्याच्या कंदिलाला भ्यायला लावलेलं नाही, जो मालक आहे त्यालाच भ्यायला लावलं आहे. आणि लोक आले ना बघायला? दोनदा आले. मग धंद्याचं गणित कुठे गेलं?

बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदी मागणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही, तिथे सगळे फार आवाज करतात. पण हा नुसता करमणुकीचा प्रश्न आहे हे मान्य करायला मी तयार नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात कोणाला चेटूक करणारी ठरवून छळणं हा गुन्हा आहे. तरी डिसेंबर २०२४ च्या अखेरीला मेळघाटातल्या रेट्याखेडा गावात ७७ वर्षांच्या एका बाईला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाली, धिंड काढली गेली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ट्रेलर बघून तिला मारलं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं लबाडीचं होईल. त्या समजुती ट्रेलरहून फार जुन्या आहेत. पण एकटी, गरीब, म्हातारी, सुरकुतलेली, काही न बोलता नुसती बघणारी बाई हे भीतीचं चित्र आहे, असं सांगणारी माणसं गावात पूर्वी देवऋषी आणि भगत होती. आता तेच चित्र मोठ्या आवाजात, चांगल्या कॅमेऱ्याने, प्रत्येक खिशात जातं. आणि मुंबईत ते कापून जोडणारी मुलं शिकलेली आहेत, चांगल्या घरातली आहेत. त्यांच्याही घरी आजी असेल.

शाळेत असताना पाचवीच्या वर्गाला मी एकदा 'मला वाटणारी भीती' असा निबंध घातला होता. मुलगे झाडून सगळे भुतांवर आले. हडळ, उलटे पाय, विहीर. मुलींपैकी जेमतेम निम्म्यांनी भुतं लिहिली. बाकीच्यांनी लिहिलं, संध्याकाळी पाण्याला जायची भीती वाटते, नाक्यावर ते बसलेले असतात. बाबा पगाराच्या दिवशी घरी येतात त्याची भीती वाटते. एकीने लिहिलं, आई कामावरून शेवटच्या गाडीने येते, ती येईपर्यंत भीती वाटते, आली की वाटत नाही. व्याकरणाच्या पाच चुका होत्या, मी तिला वर्गात पहिली काढलं. तिची आई मोकळ्या केसांची, दमलेली, रात्री अकराला अंधाऱ्या गल्लीतून चालत यायची. तिला बघून दचकणारे लोक असतील. ती मुलगी मात्र तिची वाट बघत बसायची.

असो. फार लांबलं. आता एक काम सांगते. माझ्याकडे एक वही आहे, तिच्यात कोकण, देश, खानदेश, वऱ्हाड इथल्या भुतांची नावं उतरवून ठेवते आहे. पुरुषांची पानं भरली. बायकांच्या पानावर जखीण, लावसट, हडळ, अळवंतीण इतकंच आहे, ही सगळी जातींची, म्हणजे प्रकारांची नावं झाली. तुमच्या गावात एखाद्या बाईच्या भुताला तिचं स्वतःचं नाव असेल, कृष्णाबाई म्हणा, सगुणा म्हणा, तर जरूर कळवा. ती कोण होती आणि कशाने मेली, हे कोणाला आठवत असेल तर तेही लिहा. साताऱ्याच्या मामेबहिणींनी तर नक्कीच, त्यांच्या विहिरीवर कोणीतरी होती असं आईकडून ऐकलेलं आहे.